खटका

तेराव्याचं जेवून लासूर स्टेशनहून परतलेल्या माणसांचा शीण अजून उतरला नव्हता, तोच चौदाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पुंडलिक गारखेड्यातल्या घराच्या दारात येऊन उभा राहिला आणि अंबिकानं ओळखलं, आज वाजणार. बँडवाल्यांच्या घरात वाजण्याचं काय कौतुक! लग्नसराईत रोजच वाजतं. पण घरच्या घरात वाजलं की स्वयंपाक दीडपट करावा लागतो, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता. भांडून माणसांना भूक फार लागते. तिनं पुंडलिकला पाणी दिलं, "बसा दादा," म्हणाली आणि आत जाऊन पिठाचा डबा खाली काढला.

पुंडलिक हा फकिरातात्यांचा मुलगा. तात्या आणि अंबिकाचे सासरे मल्हारराव हे सख्खे भाऊ. दोघांनी मेंढरांमागं हिंडत धनगरी ढोल वाजवला, पुढं मेंढरं सुटली आणि ढोल तेवढा गळ्यात राहिला. छावणीतल्या एका रिटायर झालेल्या फौजी मास्तरनं तात्यांना साईड ड्रम शिकवला, आणि गारखेड्यात 'फकिरा मल्हार बँड पार्टी'ची पाटी लागली. म्हातारपणी तात्या मुलाकडं लासूरला गेले, पाटी आणि वाद्यं इथंच राहिली. तात्या वारले तेव्हा त्यांना त्यांच्याच बँडनं पोचवलं. पोचवलं खरं, पण भलतंच वाजवून पोचवलं, आणि ते निस्तरायला पुंडलिक आला होता.

झालं होतं असं. साईड ड्रमच्या पोटाखाली तारा ताणलेल्या असतात आणि बाजूला एक खटका असतो. खटका वर केला की तारा खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या कातड्याला, चिकटतात आणि ड्रम कडकडतो, लग्नाला लागतो तसा. खटका खाली केला की तारा सुटतात आणि आवाज मुका होतो, नुसता ठप्प. या घरात तार लागलेल्या ड्रमला 'जिता' म्हणतात आणि तार सुटलेल्याला 'मेला'. मयतीला मेलाच ड्रम वाजवायचा, हा फौजी मास्तरनं घालून दिलेला नेम. निघायच्या आधी साईडवाल्यानं एक ठोका द्यायचा, ढोलवाल्यानं तो ऐकून मोठ्यानं 'मेला' म्हणायचं, आणि मगच ढोलावर पहिली थाप. एकदा थाप पडली की स्मशान येईपर्यंत खटक्याला कुणी बोट लावायचं नाही. ढोलवाल्याचा शब्द शेवटचा.

त्या दिवशी साईडवर संस्कृती होती, धाकट्या दिराची, गोकुळची एकवीस वर्षांची मुलगी. ढोल अंबिकाच्या नवऱ्याच्या, हनुमानच्या गळ्यात होता. संस्कृतीनं ठोका दिला. हनुमान म्हणाला, 'मेला.' थाप पडली. आणि ड्रम होता जिता. सबंध लासूरच्या बाजारपेठेतून तात्यांची तिरडी वरातीसारखी कडकडत गेली, आणि आडतीवरची माणसं कुणाचं लग्न निघालं म्हणून बाहेर येऊन बघत राहिली.

आता समोरच्या खोलीत सगळे जमले होते. कूलर घरघरत होता. मल्हारराव बाजेवर मांडी घालून बसले होते, पुंडलिक खुर्चीवर, गोकुळ दाराच्या चौकटीला टेकून. सासूबाई बानाबाई भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी गोकुळची बायको मेघा आणि तिला चिकटून संस्कृती. मधोमध सतरंजीवर तो साईड ड्रम ठेवला होता, काठ्या त्याच्यावर आडव्या. गुन्हेगाराला पंचांपुढं उभा करतात तशी त्याची मांडणी होती.

"काका, म्या काय मागू ऱ्हायलो?" पुंडलिक म्हणाला. "मला भांडायचं नाय. बाबांनी जलमभर दुसऱ्याच्या मयती शिस्तीनं वाजवल्या. त्यांच्या मयतीला ही तऱ्हा? इवाईपाव्हणे विचारू ऱ्हायले, पुंडलिक, बापाची वरात काढली का रे? काय सांगू मी?"

"बोल तुझा बराबर हाय," मल्हारराव म्हणाले.

"ज्याच्यानं चूक झाली त्याचा पट्टा उतरवा. न्हाय तर पाटीवरून बाबांचं नाव काढा. दोनातलं एक करा."

ड्रम ज्यानं गळ्यात अडकवतात तो पट्टा उतरवणं म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकदा या घरात पट्टा उतरला की शहरातला दुसरा कुठला बँडही त्या माणसाला ओळीत घेत नाही. आणि संस्कृतीला त्या ओळीशिवाय दुसरं काही नको होतं. नववीपासून तिनं साईड ड्रम गळ्यात घातला. माडीवर तिचा ड्रमसेट होता, रविवारी बजाजनगरला जाऊन ती पोरांना तो शिकवायची, पण तो बसून वाजवायचा. तिला चालत वाजवायचं होतं. या लग्नसराईत ओळीच्या पुढं तूच, असं आजोबांनी तिला शब्द देऊन सांगितलं होतं.

"आबा, मी खटका खाली केला व्हता," संस्कृती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. चौदा दिवस ती हेच सांगत होती. "टेम्पोत धक्क्यानं वर गेला आसंल. तो खटका ढिला झालाय, मी पप्पांना दोनदा सांगितलं. आन् मी ठोका दिला तवा मला ऐकू आलं की जिता हाय. मी मोठ्या बाबांकडं बघितलं. ते 'मेला' म्हनले."

"मंग तू सांगायचं नाय का?" पुंडलिक म्हणाला.

"ढोलवाल्याचा शब्द शेवटचा, हे तुम्हीच शिकवलं ना? मला वाटलं मोठ्या बाबांनी मुद्दाम केलं. तात्या नेहमी म्हनायचे, मला रडत नेऊ नका. मला वाटलं, तात्यांनीच सांगून ठिवलं आसंल, मला जिता वाजवा म्हनून."

तात्या खरंच तसं म्हणायचे. अंबिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. परातीतलं पीठ भिजलं होतं, हात बरबटलेले होते. या पोरीनं ऐन वेळेला केवढा विचार केला, असं तिच्या मनात आलं आणि तिला गलबलून आलं.

"गोष्टी रचती का?" मल्हारराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. म्हातारा थकला होता. भावाला पोचवून आलेला माणूस, त्याला न्यायाधीश करून बसवलं होतं.

"रचती नाय," बानाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण सासूबाई सहसा बँडच्या गोष्टीत बोलत नसत. नातीनं पँट घालून रस्त्यानं वाजवत जाणं त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. "पोरगी खोटं बोलती तवा डोळे खाली घालती. आत्ता बघा, कशी वर बघू ऱ्हायली."

मेघानं सासूकडं असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असावी. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही कामून गप? लेक मपली एकटीची हाय का?"

गोकुळ चौकटीवरून सरळ झाला. बँडच्या सुपाऱ्या तोच घ्यायचा, आणि गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यात एकच होतं. "माझं म्हननं आसं हाय, झालं ते झालं. पट्टा उतरवायचा तर उतरवा. चालत वाजवायचा जमाना तसाबी गेला. गाडीवर ड्रमसेट चढवू. पायाखालचा बडा ड्रम म्हंजे ढोल आला, म्होरचा स्नेअर म्हंजे साईड आली, बाजूचे टमटम आले, झांजा वर टांगलेल्या. चार मानसांचं काम एक मानूस बसून करतो. संस्कृती बसंल. उनातानात पोरीला कशाला चालवायचं? उद्या तिचं लग्न करायचंय."

"पप्पा!" संस्कृती म्हणाली. एवढा एकच शब्द, पण त्यात बापाचा सगळा हिशोब चुकता झाला. चौदा दिवस तिला वाटत होतं बाप आपल्या बाजूला आहे.

अंबिकानं नवऱ्याकडं बघितलं. हनुमान भिंतीकडच्या बाकावर बसला होता, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतील अशा जागी. तो नेहमी तसाच बसायचा. बोलणाऱ्याकडं टक लावून बघायचा, कुणी मान फिरवली की त्याची नजर कावरीबावरी व्हायची. लोक म्हणायचे, हनुमान मोठा मन लावून ऐकतो. अंबिकाला त्याचं हसूही येईनासं झालं होतं.

चार वर्षं झाली. आधी मोबाईल वाजलेला त्याला कळेना. मग कूकरची शिट्टी. तीस वर्षं झांजवाला त्याच्या डाव्या कानाशी झांजा आपटत चालला होता, उजव्या बाजूला साईड ड्रम कडकडत होता. कान काय लोखंडाचे असतात? बारीक, चरचरीत, वरचा आवाज गेला. ढोल तेवढा राहिला. ढोलाचा दणका छातीतून यायचा, म्हणून ओळीत तो कधी चुकला नाही आणि कुणाला संशय आला नाही. डॉक्टरकडं चला म्हणून अंबिकानं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो रागावला आणि दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्याच्यासमोर उभी राहून बोलायला लागली, ओठ ठसठशीत हलवायला लागली. दाराची कडी वाजली की त्याच्या सदऱ्याला हात लावायची, आणि पाव्हण्यांनी काही विचारलं की आधी आपणच प्रश्न परत म्हणायची, 'अवं, ते विचारू ऱ्हायले, मोसंबीची बाग काढली का?' माणसं म्हणायची, अंबिका फार पुढं पुढं करते. करते बाई, ती म्हणायची. दिवसभर दुसऱ्याचे कान होऊन राहिलं की माणूस संध्याकाळी कसं पिळून निघतं, ते कुणाला सांगणार?

आणि त्या दिवशी लासूरला ती बायकांच्या घोळक्यात मागं होती. ड्रम कडाडला तसं तिला क्षणात कळलं. इतर बायकांनी पोरीला नावं ठेवली. ती गप्प राहिली. त्या दिवसापासून गप्पच होती.

"हनुमान," मल्हारराव हात उचलून म्हणाले, "हिकडं ये. म्होरं बस."

हनुमान उठला आणि सतरंजीवर बापासमोर येऊन बसला. आता त्याची पाठ स्वयंपाकघराकडं होती. अंबिकाला त्याच्या मानेवर पट्ट्यानं पडलेला काळा घट्टा दिसत होता.

"तू ढोलवाला. तुझा शब्द शेवटचा. मला बाकी कुणाचं ऐकायचं नाय. तू 'मेला' म्हनला, तवा ड्रम मेला व्हता का जिता?"

"मेला व्हता, आबा."

"तू ऐकला?"

"ऐकला की. देवाशपथ सांगतो. मेला ऐकला म्हनूनच म्हनलो." हनुमान जरा थांबला. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "मागून पोरीचा हात लागला आसंल खटक्याला. ध्येनात आलं नसंल तिच्या."

संस्कृती उठून उभीच राहिली. "मोठे बाबा, काय बोलू ऱ्हायले तुम्ही? मी हात लावला?" पण तो तिच्याकडं बघत नव्हता, त्यामुळं त्यानं ते ऐकलंच नाही. पोरीला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तिचा चेहरा पांढरा पडला.

"झालं तर मंग," पुंडलिक म्हणाला.

"पट्टा आन," मल्हारराव गोकुळला म्हणाले.

अंबिकाच्या हातातलं लाटणं थांबलं. नवऱ्याला ऐकू येत नाही हे तिनं चार वर्षं पोटात ठेवलं होतं, पण नवरा असं बोलेल हे तिला कधी वाटलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोरावरून आपण चार वर्षं मीठमोहरी ओवाळून टाकत होतो. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला चावायचं? पण या पोरीनं एकविसाव्या वर्षी हातातली काठी खाली ठेवायची, आणि आपण पोळ्या लाटायच्या? नाही जमणार. आता नाही जमणार. एवढं सगळं तिच्या मनात अर्ध्या मिनिटात आलं. ती ताडकन बाहेर आली. हातात लाटणं तसंच होतं.

"थांबा जरा, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली.

सून अशी मध्ये येण्याची त्या घरात रीत नव्हती. मल्हारराव बघत राहिले. अंबिकानं सतरंजीवरचा ड्रम उचलला आणि हनुमानच्या पाठीमागं, हातभर अंतरावर जाऊन खाली बसली. ड्रम मांडीवर घेतला. खटका वर केला, सगळ्यांना दिसेल असा. तारा चरचरल्या. हनुमान हलला नाही; तो बापाच्या तोंडाकडं बघत होता, काय ठरतंय म्हणून.

"मामा, त्येन्ला विचारा. म्या ठोका देते. ऐकून सांगा म्हनावं, मेला का जिता."

मल्हाररावांनी सुनेकडं बघितलं, मग लेकाकडं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हनुमान, ठोका ऐक आन् सांग. मेला का जिता?"

अंबिकानं पिठाळलेलं लाटणं ड्रमवर हाणलं. कडाड्! बानाबाईंनी दचकून पाय जवळ ओढले. गोकुळचा हात चौकटीवरून सुटला. तेवढ्याशा खोलीत तो आवाज एवढा झाला, की बाहेर गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"मेला," हनुमान म्हणाला. मन लावून, जबाबदारीनं, जसा गेली तीस वर्षं म्हणत आला तसा.

अंबिकानं खटका खाली केला. तारा सुटल्या. परत ठोका दिला. ठप्प.

"मेला," हनुमान म्हणाला. आणि मग त्यानं बापाचं तोंड बघितलं. बापावरून पुंडलिककडं, पुंडलिकवरून मेघाकडं, आणि शेवटी आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला होता. तो सावकाश वळला. बायको मागं बसली होती, मांडीवर ड्रम, हातात लाटणं, आणि तिचं बोट खटक्यावर.

त्याला कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला बाकीच्यांना.

"दादाला ऐकू येत नाय?" गोकुळ म्हणाला. "म्हंजे, आजिबातच?"

"ढोल येतो," अंबिका म्हणाली. "तार येत नाय. चार वर्सं झाली. त्येन्ला जिता न् मेला एकच ऐकू येतो. त्ये खोटं नाय बोलले, मामा. त्येन्ला मेलाच ऐकू आला. पोरीनं हात लावला म्हनले, त्येवढं मातर खोटं हाय."

हनुमान तिच्या ओठांकडं बघत होता. शेवटचं वाक्य त्यानं नीट वाचलं. तो उठला, दोन पावलं चुकीच्या दिशेला गेला, मग वळून मागच्या अंगणात निघून गेला.

मेघा पहिली हलली. तिनं लेकीला जवळ ओढलं. अंबिकाला वाटलं, ही आता माझ्याकडं बघून काहीतरी चांगलं बोलेल. बोलली ती संस्कृती, आणि चांगलं नाही बोलली.

"मोठी आई, तुम्हाला चार वर्सांपासून माहीत व्हतं?"

"व्हय."

"आन् चवदा दिवस मी जीव तोडून सांगू ऱ्हायले. तुम्ही हितंच व्हत्या. माझ्या ताटात वाढत व्हत्या. एक शब्द बोलल्या नाय?"

अंबिकानं ड्रम मांडीवरून खाली ठेवला. संस्कृती आईचा हात सोडवून माडीवर गेली. थोड्या वेळानं वरून दणके यायला लागले. ड्रमसेटचा पायाखालचा बडा ड्रम. दुसरं काही नाही, नुसता तोच, एकसारखा. छताची धूळ कूलरवर पडायला लागली.

"आता ढोलाचं काय?" गोकुळ म्हणाला. "सोमवारपासून तारखा हायेत. मी म्हनतो, गाडीचं आता तरी मनावर घ्या. पोरीला बसवू..."

"तू गप," मेघा म्हणाली. तिनं नवऱ्याला सासऱ्यांसमोर असं बोलण्याची ही पहिलीच वेळ, आणि सासऱ्यांनी ते चालवून घेतलं. "तिला इचारल्याबिगर तिला कुठं बसवायचं नाय. आज एकदा इकली तुम्ही तिला. बास झालं."

पुंडलिक खुर्चीत पुढं सरकून खालमानेनं बसला होता. आला तेव्हा त्याच्याकडं राग होता. आता तोही राहिला नाही, आणि रिकाम्या माणसासारखा तो हात चोळत राहिला. "काका," तो म्हणाला, "मला ठावं आसतं तर म्या आलो नसतो. पाटीवरचं नाव ऱ्हाऊ द्या. हनुमान माझ्या पाठचा. आमी दोघांनी एका ढोलावर हात शिकला."

"पट्टा पोरीचा पोरीकडंच ऱ्हाईल," मल्हारराव शेवटी म्हणाले. "ढोलाचं उद्या बघू. मला आता पडू द्या." आणि ते तिथंच बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. ऐंशी वर्षांच्या माणसाला एका दिवसात याहून जास्त झेपत नाही.

मग सगळे जेवले. अंबिकानं पोळ्या लाटल्या, मेघानं भाजल्या; दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण पोळी करपली नाही. पुंडलिकनं तीन पोळ्या खाल्ल्या आणि दोनच्या गाडीनं लासूरला गेला. जाताना त्यानं उंबऱ्यात थांबून माडीकडं बघितलं, वर जावं का असं त्याच्या मनात आलं असावं, पण गेला नाही. एक ताट माडीवर गेलं, तसंच परत आलं. अंगणात ताट नेण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

तीन वाजता अंबिका ताट घेऊन मागं गेली. लिंबाच्या सावलीत हनुमान तिच्याकडं पाठ करून फरशीवर बसला होता. त्यानं ढोल आडवा घातला होता आणि कडेचे स्क्रू एकेक करून सैल करत होता. पान बदलायचं काही कारण नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

तिनं ताट खाली ठेवलं. तो वळला नाही. आजवर ती अशा वेळी पुढं होऊन त्याच्या खांद्याला हात लावायची. आज तिचा हात उचलेना. ती त्याच्या पाठीमागंच बसली आणि बोलायला लागली.

"चूक झाली मपली," ती म्हणाली. "आज नाय, चार वर्सांपूर्वी झाली. तवाच आबांना सांगायचं व्हतं. तुमी जेवला नाय म्हनून भ्याले. मला वाटलं, म्या हाय ना, म्या भागवते. भागवता भागवता तुमचा कान गेला त्यो गेला, आन् मपली जीभ बी गेली. त्या पोरीम्होरं आज मला एक सबुद सुचला नाय. तुमी तिचं नाव घेतलं, तवा मला तुमचा लई राग आला. आजून हाय. तुमाला समद्यांम्होरं उघडं पाडलं, त्याचं बी वाईट वाटू ऱ्हायलं. दोनी वाटू ऱ्हायलं. म्या थकले वो. लई थकले."

तिचं बोलून झालं. डोळ्यातून पाणी आलं होतं ते तिनं पुसलं आणि तिला हलकं वाटलं. हनुमान स्क्रू फिरवत होता. त्याला यातलं काहीही कळलं नव्हतं.

आणि तेव्हा अंबिकाला स्वतःचीच लाज वाटली. पाठीमागून बोलायला काय जातं? पाठीमागूनच तर चार वर्षं सगळं चाललं होतं. दुपारी ठोका दिला तोही पाठीमागूनच.

ती उठली. गुडघ्यातून कळ आली. ढोलाला वळसा घालून ती त्याच्या पुढ्यात गेली आणि उन्हात, तापलेल्या फरशीवर बसकण मारली. त्यानं नजर उचलली नाही. तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला, त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. डोळे सुजलेले होते. पंचावन्न वर्षांचा बाप्या, एकटा बसून रडला होता.

"चूक झाली मपली," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला लागली. आपल्याला त्याचा राग आला त्याचंसुद्धा, पोरीचं नाव घेतलं त्याचंसुद्धा. घाईघाईत, कारण थांबली असती तर पुढं बोलवलं नसतं.

हनुमाननं हात वर करून तिला थांबवलं.

"सावकाश," तो म्हणाला. "पोरीचं काय म्हनली, ते निसटलं. पुन्यांदा सांग."